पहाटेची कुरकुर

क्रांती चौकातून आतल्या गल्लीत शिरलं, की अल्बम छापणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर एक अरुंद खोली आहे. तिथं सत्यशीला बसते. लग्नाचे व्हिडिओ काढणारे लोक तिच्याकडे आपलं सेकंडहँड घेतलेलं सामान आणतात. कुणाच्या ट्रायपॉडचं डोकं फिरताना कुरकुरतं, कुणाच्या लेन्सची रिंग इतकी आखडलेली असते की मनगट भरून येतं, कुणाचा कॅमेरा सरकवायचा स्लायडर ऐन मंगलाष्टकांत खरखरतो. सत्यशीला ते उघडते, जुनं वाळकं ग्रीस खरवडते, थिनरनं धुते, नवं ग्रीस भरते आणि परत देताना एकदा कानाशी लावून फिरवते.

ही कानाशी लावायची सवय कंपनीतली. चितेगावच्या एका कारखान्यात ती अठरा वर्षं बेअरिंग तपासायला होती. बेअरिंग दोन बोटांत धरायचं, कानाशी न्यायचं, टिचकी मारून फिरवायचं. चांगलं बेअरिंग वाऱ्याच्या झुळकीसारखं निघून जातं. खराब असलं की ते काहीतरी बोलतं. बोलणारं लाल पेटीत, न बोलणारं निळ्या पेटीत. दिवसाला दोन हजार. पुढं ते काम यंत्र करायला लागलं आणि सत्यशीला हिशोब घेऊन बाहेर पडली. पण कान काही बाहेर पडला नाही. घरचा पंखा, शेजारच्यांचं दार, रिक्षाचं मागचं चाक, सगळं तिला आपलं दुखणं सांगत राहायचं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी प्रांजली पुण्याला नोकरीला होती. घरात बोलायला माणूस नव्हतं, त्यामुळं हे आवाज जास्तच मोठे झाले होते.

डिसेंबरातल्या एका दुपारी जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि दारात एक म्हातारा उभा राहिला. धोतर, डोक्याला पटका, आणि छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. नुकतं जन्मलेलं कोकरू माळावरून घरी आणावं तसं त्यानं ते धरलं होतं. टेबलावर ठेवून घोंगडी उलगडली, तर आत ट्रायपॉड. जुना, जड, व्हिडिओवाल्यांचा.

"ताई, हे कुरकुरतंय," तो मोठ्यानं म्हणाला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं.

सत्यशीलानं दांडा धरला आणि डोकं डावीकडून उजवीकडं फिरवलं. छान फिरलं. परत फिरवलं. कान लावला. खाली चौकातले हॉर्न, अल्बमच्या दुकानातलं कटर, पण लोखंडातून काही नाही.

"आवाज येत नाही, आबा."

"आं?"

"आवाज नाही!"

"व्हय, मला बी नाय येत," म्हातारा समजूतदारपणे म्हणाला. "पण राजा म्हणती, येतो."

"राजा कोण?"

"आमची म्हातारी. राजाबाई."

मग त्यानं बसून सगळं सांगितलं. त्याचं नाव भिकन. गाव सोयगाव. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता चार शेळ्या उरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी राजाबाई ओसरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डोंगर सुटला. चाळीस वर्षं त्याच्याबरोबर रान तुडवलेली बाई खाटेला लागली. "तळ्यावर काय चाललंय, एवढंच इचारायची," भिकन म्हणाला. "मी सांगायचो. पण मला सांगता कुठं येतंय? पाणी हाय म्हणायचो. पाखरं हायेत म्हणायचो."

गावातला पुंडलिक फोटोवाला. मोबाइल आल्यापासून त्याच्या स्टुडिओत कुणी फिरकेना, म्हणून त्यानं दुकान गुंडाळलं. जाताना जुना कॅमेरा आणि हा ट्रायपॉड त्यानं भिकनला देऊन टाकला आणि बटणं कशी दाबायची, टीव्हीला वायर कशी जोडायची, तेही शिकवलं. तेव्हापासून भिकन रोज पहाटे तळ्यावर जायचा आणि राजाबाईसाठी तळं घरी आणायचा.

"ती म्हणती, चित्र बेस हाय. पण डोकं फिरवलं की कर्र वाजतं. पाखरं बी त्यानंच उडत्यात म्हणती. मला काय, पाखरं उडाली एवढंच दिसतं."

सत्यशीलानं वरचा भाग उघडला. आत जुनं ग्रीस मेणासारखं झालं होतं. ते काढलं, पुसलं, नवं घातलं. खालचा बुंधा, ज्यावर डोकं आडवं फिरतं, तो तिनं उघडला नाही. इतकं सुंदर फिरणारं कशाला उघडा? कंपनीतला नियम होता, चालत्याला हात लावू नये.

भिकन घोंगडीत ट्रायपॉड गुंडाळून गेला. नवव्या दिवशी परत आला.

"अजून हाय म्हणती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आपण कुणालातरी त्रास देतोय, असं त्याला वाटत होतं.

या वेळी त्यानं कॅमेराही आणला होता. सत्यशीलानं इअरफोन लावला. पडद्यावर धुकं, धुक्याखाली पाणी, पाण्यावर दोन बदामी रंगाची मोठी पाखरं. मग चित्र डावीकडं सरकायला लागलं आणि कानात घुमलं, कर्र, कर्र-र्र, कर्र. कोरड्या रहाटासारखं. पाखरांनी माना वर केल्या आणि ती उडाली.

तिनं इअरफोन काढला, ट्रायपॉड फिरवला. गप्प. लावला, ऐकलं. कर्र. काढला, फिरवला. गप्प.

असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. म्हातारी खरं बोलत होती, आणि हातातलं लोखंडही खरं बोलत होतं.

"आबा, हे इथं नाही सापडायचं," ती मोठ्यानं म्हणाली. "मला तळ्यावर यावं लागेल. पहाटे."

"तू? सोयगावला?" भिकननं तिच्याकडं नीट पाहिलं. "ये की, पोरी. राजाला लई बरं वाटंल."

फोनवर प्रांजलीला सांगितलं तेव्हा ती हसली. "आई, किती वर्षांनी बाहेर चाललीस! आणि तेही एका कुरकुरीसाठी?"

शनिवारी दुपारच्या एसटीनं ती निघाली. सिल्लोड मागं पडलं, ऊन कलायला लागलं. खिडकीची काच थडथडत होती, सीटखालचा एक नट सैल होता, गिअर बदलताना काहीतरी कण्हत होतं, आणि हे सगळं ऐकता ऐकता तिला पेंग आली. त्या पेंगेत मेंढरं आली. खूप मेंढरं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, बसच्या इतकी जवळ की त्यांची लोकर पत्र्याला घासत होती. ती स्वतः घोडीवर बसली होती, सात वर्षांची. पुढं बिऱ्हाडाचं गाठोडं, गाठोड्यातून डोकावणारी कोंबडी, मांडीवर एक गरम कोकरू. वडील पुढं चालत होते आणि वळून काहीतरी सांगत होते, पण मेंढरांच्या घंटांत ते ऐकू येत नव्हतं.

ती जागी झाली तेव्हा बस अजिंठ्याचा घाट उतरत होती आणि दरीत संध्याकाळ साचली होती. हे स्वप्न नव्हतं, हे घडलेलं होतं. वडिलांनी कळप विकला आणि चितेगावला कंपनीच्या गेटवर राखणीला राहिले, त्याच्या आधीचं. इतकी वर्षं तिला त्यातलं काही आठवलं नव्हतं. सोयगाव येईपर्यंत ती वडिलांचे ओठ आठवत बसली. काय सांगत होते, ते काही तिला कळलं नाही.

राजाबाई ओसरीवर खाटेवर होती. सत्यशीला अंगणात पाऊल टाकते न टाकते तोच तिनं अंधारातून विचारलं, "कोण बाई गं? डावा पाय जरा ओढतीस."

"कंपनीत उभ्यानं काम होतं, मावशी. तेव्हापासून."

"ये, बस. तूच का ती शहरातली मिस्तरीण?" राजाबाईचा चेहरा बारीक, सुरकुतलेला, आणि डोळ्यांपेक्षा कानच जास्त जागे. बोलताना ती जराशी मान कलती ठेवायची. "ह्याला ढोल बडवला तरी कळत नाय आन मला मुंगी चालली तरी कळती. देवानं दोघांना मिळून चार कान दिले, पण सगळे माझ्याच पदरात टाकले."

भिकन चुलीशी भाकरी थापत होता. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं, पण बायको आपल्याबद्दलच बोलतेय हे ओळखून तो हसला.

पहाटे सत्यशीला आणि भिकन निघाले. चांदणं विझत आलं होतं. वाट दगडगोट्यांची, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, आणि थंडी अशी की दात वाजावेत. भिकननं ट्रायपॉड खांद्यावर घेतला होता, वर घोंगडी. एका टेकाडाला वळसा घातला आणि खाली तळं दिसलं. म्हणजे तळं दिसलं नाही. एक पांढरी, सपाट शांतता दिसली, आणि तिच्या कडेला कुठं कुठं काळी झुडपं. पाणी कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं. एक टिटवी ओरडली. तिचा आवाज पाण्यावरून पलीकडं गेला आणि बऱ्याच वेळानं परत आल्यासारखा वाटला.

सत्यशीला उभीच राहिली. तिला वाटलं आपण बहिऱ्या झालो. पंखा नाही, हॉर्न नाही, कटर नाही. कानाला धरायला काही नव्हतं. मग हळूहळू त्या शांततेत बारीक बारीक गोष्टी दिसाव्यात तशा ऐकू यायला लागल्या. दव पानावरून खाली पडल्याचा आवाज. चिखलातून पाय काढणारं एखादं पाखरू. भिकनचा श्वास.

त्यानं सवयीच्या जागी, एका चपट्या दगडाशेजारी, ट्रायपॉड उभा केला. सत्यशीला खाली बसली आणि तिनं गाल ट्रायपॉडच्या पायाला लावला. लोखंड इतकं गार होतं की चटका बसला. तिनं हातानं खूण केली.

भिकननं डोकं फिरवलं.

कर्र-र्र. आवाज पायातून थेट तिच्या जबड्यात उतरला. समोर पाण्यावरून पंखांचा फडफडाट झाला. उठून तिनं स्वतः दांडा धरला. हा तो ट्रायपॉडच नव्हता! शहरात लोण्यासारखा फिरणारा दांडा इथं आधी अडत होता, मग एकदम सुटत होता, परत अडत होता. आत काहीतरी गोठल्यासारखं.

ती तिथंच बसून राहिली. दर थोड्या वेळानं फिरवून बघत होती. पूर्वेला आभाळ पिकल्या पेरूच्या गरासारखं गुलाबी झालं. धुकं दोरीदोरीनं उठून टेकाडावर चढलं. ऊन लोखंडावर आलं. आठच्या सुमारास तिनं फिरवलं आणि आवाज आला नाही. नऊला तर ट्रायपॉड पुन्हा शहरातल्यासारखा शहाणा झाला.

"काय सापडलं?" भिकननं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. थंडीत आखडतो, उन्हात सुटतो, एवढं कळलं होतं. पण तिनं घातलेलं ग्रीस असं वागत नाही, आणि पुंडलिकचं जुनं ग्रीस वाळलेलं होतं. ते उन्हानंही सुटलं नसतं.

घरी आले तेव्हा राजाबाई केस मोकळे सोडून बसली होती. खाटेशेजारी उंबऱ्यावर, उन्हात, खोबरेल तेलाची बाटली ठेवली होती. खालचं अर्धं तेल पांढरं, घट्ट. वरचं अर्धं वितळून पाण्यासारखं.

सत्यशीला बाटलीकडं बघत राहिली. मग ट्रायपॉड उचलून तिनं बुंध्याला नाक लावलं. हाच वास तिला शहरात दोन्ही वेळा आला होता. तिला वाटलं होतं म्हाताऱ्याच्या डोक्याचा असेल.

"आबा!" ती ओरडली. "ह्यात काय घातलंत तुम्ही?"

"आं? तेल."

"कुठलं तेल?"

भिकननं आधी बाटलीकडं पाहिलं, मग राजाबाईकडं, आणि मग तो पटका नीट करायला लागला.

"अरे देवा," राजाबाई म्हणाली. "म्हणून माझं तेल सरत होतं! मी म्हणते, मूठभर केसांना इतकं कसं लागतंय."

"तू कुरकुरतंय म्हणालीस की घालायचो," भिकन म्हणाला. "गाडीच्या आसाला वंगण घालत्यात, तसं. घातलं की दिवसभर बरं चालायचं."

"आन पहाटे गोठायचं," राजाबाई म्हणाली. ती हसायला लागली, हसताना तिचा खुबा दुखला, तरी ती हसतच राहिली. तिचं हसू बघून भिकनही हसायला लागला. सत्यशीलाला आठवेना, आपण शेवटचं कधी अशा हसणाऱ्या माणसांत बसलो होतो.

दिवसभर तिनं अंगणात काम केलं. गोणपाटावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, पिशवीतले छोटे पाने मांडले. या वेळी बुंधा उघडला. चकत्यांच्या मधोमध खोबरेलाची पांढरी साय बसली होती, आणि त्या तेलानं मूळचं ग्रीस कडेला ढकलून दिलं होतं. पितळेच्या चकतीवर एक कोरडी, चकचकीत रेघ उमटली होती. कर्र तिथूनच येत होता. तिनं एकेक भाग थिनरनं धुऊन उन्हात वाळवला. बारीक पॉलिश पेपरनं ती रेघ घासली, हळूहळू, बोटाला लागेनाशी होईपर्यंत. मग डबीतलं मधासारखं दाट ग्रीस, जे थंडीत गोठत नाही आणि उन्हात वाहत नाही, पातळ थरानं लावलं. शेळी येऊन चकत्या हुंगून गेली. राजाबाई खाटेवरून ऐकत होती.

"आता कसला आवाज झाला?"

"स्क्रू आवळला, मावशी."

"जास्त आवळू नको. पाखराच्या मानंसारखं ठेव."

सत्यशीलानं अर्धा फेर स्क्रू ढिला केला. खरंच जास्त आवळला गेला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिकन एकटा गेला. दोन माणसं असली की जनावर येत नाही म्हणाला. सत्यशीला राजाबाईशेजारी गोधडीत बसून राहिली. बाहेर धुकं अंगणापर्यंत आलं होतं. राजाबाई मधूनच म्हणायची, "आता टेकाडाला वळला असंल." बऱ्याच वेळानं, "आता दगडापाशी पोचला." सत्यशीलाला पुन्हा पेंग आली आणि त्या पेंगेत तीही टेकाडाला वळसा घालत होती.

ऊन वर आल्यावर भिकन परतला. त्याच्या मिशांवर दव होतं. त्यानं टीव्हीला वायर जोडली, बटण दाबलं आणि खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला.

पडद्यावर धुकं आलं. पाणी आलं. टिटवी ओरडली. चित्र स्थिर होतं, उजवीकडच्या झुडपावर. मग ते हलायला लागलं, डावीकडं, पाण्यावरून हळूच हात फिरवावा तसं. सत्यशीलानं कान पुढं केला. कर्र नाही. कुठंही अडलं नाही. लोखंड मुकं झालं होतं.

आणि त्या मुकेपणात कुणीतरी बोललं.

"चल."

सत्यशीलानं भिकनकडं पाहिलं. तो तोंड मिटून पडद्याकडं बघत होता.

"चल राजा," टीव्हीतून आवाज आला. खूप हळू, नुसता श्वासात मिसळलेला. "डाव्या हातानं ये. दगड बघून पाय टाक, शेवाळ हाय."

चित्र थांबलं, आवाज थांबला. पाण्यावर ती बदामी जोडी तरंगत होती. मग चित्र परत सरकायला लागलं.

"रोही आलेत बघ. दोन. नाय, तीन. ल्हान बी हाय, आईच्या आड हाय." धुक्यातून तीन नीलगायी पाण्यापाशी आल्या आणि माना खाली घालून पाणी प्यायला लागल्या. एकीनंही मान वर केली नाही. "दमलीस व्हय? बस जरा."

आणि कॅमेरा थांबला. बराच वेळ. समोर नुसतं पाणी होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. कुणीतरी दगडावर बसून दम घेतंय आणि दुसरं कुणीतरी शेजारी उभं राहून थांबलंय, एवढंच त्या चित्रात होतं.

"चल आता. घाई नाय."

राजाबाईचा हात गोधडीवर होता, तो तसाच राहिला. तिनं मान कलती केली होती. सत्यशीलाला सगळं लक्षात आलं. भिकन डोकं फिरवायचा तेव्हाच बोलायचा, राजाबाईला आपल्याबरोबर पुढं न्यायचा, आणि दर वेळी नेमका तेव्हाच तो कर्र आवाज त्याच्या बोलण्यावर बसायचा. आपण बोलतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. स्वतःचं कुजबुजणं त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हतं.

चित्र संपलं. भिकन वळला. त्याचे डोळे चमकत होते.

"आला का आवाज?"

सत्यशीलानं तोंड उघडलं, पण गोधडीखालून राजाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"नाय," राजाबाई त्याला ओठ दिसतील असं म्हणाली. "काईच नाय. लई बेस झालं."

भिकन खूश होऊन उठला. मिस्तरणीला चहा पाहिजे म्हणाला, आणि शेळीचं दूध काढायला लोटा घेऊन बाहेर गेला.

राजाबाईनं मान दाराकडं वळवली.

"चाळीस वर्षं बरोबर चाललो," ती म्हणाली. "मेंढरांशी दिवसभर बोलायचा. हुर्र हुर्र, ये बाई, जा बाई. माझ्याशी दोन शब्द. मी पुढं गेले तर मागनं यायचा, मागं राहिले तर पुढं जायचा. दमलीस का, असं कवा इचारलं नाय." तिनं सत्यशीलाचं मनगट सोडलं नव्हतं. "त्याला सांगू नको, पोरी. कळलं तर लाजंल. लाजला की गप बसंल."

"नाही सांगत."

"लाव ते परत. तुला येतं ना?"

सत्यशीलानं बटण दाबलं. पुन्हा धुकं, पाणी, टिटवी. या वेळी राजाबाईनं डोळे मिटून घेतले.

"दगड बघून पाय टाक, शेवाळ हाय."

"टाकते की," राजाबाई म्हणाली.

बाहेर लोट्यात दुधाच्या धारा वाजत होत्या. गोधडीखाली राजाबाईचे पाय जरासे हलले. सत्यशीला तिच्याशेजारी बसून राहिली आणि तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लावत राहिली. दुपारची एसटी गेली, मग संध्याकाळची पकडली. निघताना भिकन फाट्यापर्यंत आला. तिनं त्याच्या हातात ग्रीसची डबी दिली आणि कानाजवळ जाऊन ओरडून सांगितलं, "तेल घालायचं नाही!" तो म्हणाला, "व्हय, व्हय. राजानं बाटली आता उशाखाली ठिवलीय."

होळी झाल्यावर, उन्हं तापायला लागली तेव्हा, जिन्यावर पुन्हा ती सावकाश पावलं वाजली. ट्रायपॉडचा एक पाय घसरत होता, कळ झिजली होती. साधं काम होतं. सत्यशीलानं त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि पाय टेबलावर आडवा घेतला.

"मावशी कशा आहेत?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"बरी हाय. उठून दारापातूर जाती आता, काठीनं." भिकननं पाण्याचा पेला खाली ठेवला. काहीतरी त्याला कोड्यात टाकत होतं. "पण पोरी, म्हातारीचं कायतरी बदललंय. आधी म्हणायची, रोही दाखव, पाखरं दाखव. आता पाणी आटलं, पाखरं गेली. मी म्हणलं, कशाला जाऊ? तर म्हणती, जाच. काय नसलं तरी चालंल म्हणती. नुसता चिखल दाखव, पण फिरवत फिरवत दाखव. लांबवर ने म्हणती." त्यानं हात पसरले. "चिखलात काय बघायचं असतंय?"

सत्यशीलानं कळ बसवली, पाय वर-खाली करून बघितला. मग मान वर करून, त्याला ओठ नीट दिसतील अशी, ती म्हणाली, "त्या म्हणतात तसं करा, आबा. हळू फिरवा."

"हळूच फिरवतो," भिकन म्हणाला, आणि घोंगडी उलगडायला लागला.